खालच्या कोपऱ्यातली खूण

मुलीने फोनवरून सांगत सांगत माझ्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स टाकून घेतलं. ते सुरू झालं आणि पडद्याच्या मधोमध एक चौकट उघडली: ‘स्वागत आहे.’

“बाबा, ह्याची दर वर्षी नवी आवृत्ती येत नाही,” ती म्हणाली. “हे रोज थोडं थोडं बदलत राहतं. तुम्ही फक्त अपडेट करत जा.”

हिची आई गेल्यावर घरही असंच बदलत गेलं. आधी दारातल्या चपला गेल्या, मग दुधाची एक पिशवी कमी झाली, मग चहाचं आधण निम्म्यावर आलं. अमुक दिवसापासून हे घर वेगळं, असं काही म्हणता येत नाही.

“ती स्वागताची चौकट आता दर वेळी उघडेल. खालच्या कोपऱ्यातली बरोबरची खूण काढून टाका, म्हणजे कटकट नाही.”

मी बाण खुणेपाशी नेला. भाजी घेऊन आलो की हल्ली कुलूप मीच उघडतो. “आलात?” असं आतून कुणी विचारत नाही.

“काढलीत का, बाबा?”

“काढली,” मी म्हणालो, आणि बाण हळूच बाजूला घेतला.