‘आणि सहकारी’ अंजना

अंजना आणि धोंडिबा यांची पहिली भेट झाली त्या क्षणी उल्हासनगर कॅम्प दोनची वीज गेली, तीन कबुतरं जागच्या जागी बेशुद्ध पडली आणि एका सिंधी शेटने ऐन लग्नसराईत दुकानाचं शटर खाली ओढलं. असं धोंडिबा सांगतो. अंजनाच्या मते वीज तेव्हा रोजच जायची, शेट जेवायला निघाला होता आणि कबुतर मुळात एकच होतं. तेही बेशुद्ध नव्हतं, झोपलं होतं, कारण धोंडिबाने त्याला सकाळपासून कोटात ठेवलं होतं.

कपड्याच्या दुकानाचं उद्घाटन होतं. दारात धोंडिबा मुठीतून रेशमी रुमाल काढत होता. लाल, हिरवा, पिवळा, एकाला एक बांधलेले. संपायलाच तयार नाहीत. गर्दीने तोंडाचा आ केला. बहिणीबरोबर ब्लाउजपीस घ्यायला आलेली अंजना पुढे झाली, तिने रुमालाचं टोक दोन बोटांत धरलं, चोळून पाहिलं आणि विचारलं, “कसं मीटर?”

धोंडिबाला तोवर लोकांनी ‘कसं केलं?’ विचारलं होतं; ‘कसं मीटर?’ कुणी विचारलं नव्हतं. अंजनाने जाता जाता सल्लाही दिला, “इस्त्री करत जा. चुरगळलेत म्हणून बाहीत अडकतायत.” चार महिन्यांनी अंबरनाथच्या विहारात दोघांचं लग्न लागलं आणि पुढची सव्वीस वर्षं रुमाल अंजनानेच इस्त्री केले.

धोंडिबा दिवसा अंबरनाथच्या कारखान्यात फिटर आणि सुट्टीच्या दिवशी ‘जादूगार डी. शहेनशाह आणि सहकारी’. ‘आणि सहकारी’ म्हणजे अंजना. ती उल्हासनगरात जीन्स शिवायच्या कारखान्यात खिशांवर होती. तिथे पाय शिवणारा कंबरपट्टा लावत नाही आणि कंबरपट्टा लावणारा पाय शिवत नाही; ज्याचं त्याचं काम ठरलेलं. अंजनाचं काम खिसे. दिवसाला तीनशे. साहजिकच धोंडिबाच्या काळ्या कोटाला तिने आतून सतरा खिसे लावले होते. अंड्याचा वेगळा, पत्त्यांचा वेगळा, आणि कबुतराच्या खिशाला तर हवा जायला जाळीसुद्धा. ज्या पिशवीतून अंडं गायब व्हायचं ती पिशवी तिचीच. न संपणाऱ्या तांब्यातलं पाणी नेमकं कधी संपतं, हेही तिलाच माहीत असायचं.

आणि पेटी. बाईला करवतीने मधोमध कापायची ती पेटी. कॅम्प दोनच्या फर्निचर गल्लीतल्या शंकर मिस्त्रीने ती अंजनाच्या मापाने बनवली होती. या पेटीचं एक दुखणं असतं: दिसायला तिचे दोन भाग, पण अख्ख्या माणसाला मावावं लागतं एकाच भागात. दुसऱ्या भागातून पाय बाहेर दिसतात खरे, पण ते लाकडाचे, नकली असतात. अंजना गुडघे छातीशी घेऊन, मान वाकडी करून आत बसायची आणि चेहऱ्यावर आकाशगंगा पाहिल्यासारखं हसू ठेवायची. बाहेर धोंडिबा करवत फिरवायचा. टाळ्या धोंडिबाला. शाल आणि नारळ धोंडिबाला. नारळाची चटणी अंजनाने वाटायची.

अंजनाची तक्रार नव्हती. फक्त एकदा तरी करवतीच्या बाजूने उभं राहून पाहायचं, एवढं मनात होतं. आणि कार्यक्रमाच्या कापडी बोर्डावर आपलं नाव असावं. ‘आणि सहकारी’ हे काही बाईचं नाव नव्हे.

गेल्या वर्षी धोंडिबाचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. बदलापूरला कात्रपमधल्या एका सोसायटीचा वर्धापनदिन दहा दिवसांवर आलेला.

“नाही म्हणून कळवतो,” धोंडिबा पालेगावच्या घरात पलंगावर पडून म्हणाला. “करवत धरता येत नाही, जादूगार कसला?”

“खांदा आखडलाय ना?” अंजना म्हणाली. “पेटीत खांद्याला काय काम?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही आत, मी बाहेर.”

धोंडिबा उठून बसला. खांदा दुखला, तरी बसला. “अगं, मला कापणार तू?”

“सव्वीस वर्षं तुम्ही मला कापलंत, मी कधी विचारलं?”

पेटी टेम्पोतून शंकर मिस्त्रीकडे गेली. मिस्त्रीने टेप धोंडिबाच्या पोटाभोवती फिरवला.

“श्वास ओढू नका, भाऊजी. खरं माप द्या.”

“हेच खरं आहे.”

“सोडा श्वास,” अंजना म्हणाली. धोंडिबाने सोडला. टेप मिस्त्रीच्या हातातून निसटला.

“वहिनी, हे मावायला पेटी नको, दिवाण लागेल,” मिस्त्री म्हणाला. पण सहा इंच वाढवून दिली, बिजागरीचे नवे कब्जे लावले आणि बजावलं, “पहिल्या खेळाला कब्जे कुरकुरले तर सांगा. मी फोन करीन.”

सरावाला धोंडिबा पहिल्यांदाच आत शिरला.

“अंजे, आत अंधार आहे.”

“मग? ट्यूबलाइट लावू?”

“गुडघे कुठे ठेवू?”

“हनुवटीखाली.”

“आणि हनुवटी?” थोड्या वेळाने तो हळूच म्हणाला, “तू असं बसून हसायचीस?”

“बाहेर तुम्ही चुकायचात, ते मला दिसायचं. हसू आपोआप यायचं.”

अंजनाने नवा पोशाखही शिवला. चमचमत्या निळ्या कापडाची धोंडिबाला एक पँट आणि पेटीच्या पलीकडच्या पायांना अर्धी. शिवता शिवता हात आपोआप चालले आणि तिच्याही नकळत धोंडिबाच्या पँटला उजवीकडे खोल, देखणा, दुहेरी शिलाईचा खिसा लागला. तिच्या स्वतःच्या पेटीतल्या पोशाखाला कधी खिसा नव्हता. पेटीत बसणाऱ्याला खिसा लागत नाही.

वर्धापनदिनाच्या संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात दीडशे खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत मधोमध सोसायटीतले संशयी आण्णा, जादू पाहायला नव्हे तर पकडायला आलेले. सेक्रेटरी कमलेश माइक देताना कुजबुजला, “वहिनी, जमंल ना? नायतर आपन लगेच जेवन सुरू करू.”

“जेवण गार होऊ द्या,” अंजना म्हणाली.

रिंगा एकमेकींत अडकल्या आणि सुटल्या. तांब्या पाच वेळा रिकामा झाला, पाच वेळा भरला. मग पेटी आली. धोंडिबा आत गेला. इकडून डोकं, तिकडून निळ्या पँटचे दोन पाय. अंजनाने करवत उचलली. करवत सरळ रेषेत चालली. खिसा सरळ शिवणाऱ्या बाईला लाकूड काय जड? पेटीचे दोन भाग झाले. तिने पायांचा भाग ढकलत पार स्टेजच्या टोकाला नेला. टाळ्या सुरू झाल्या.

आणि फोन वाजला. धोंडिबाला थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज सगळ्यात मोठा. डोक्याकडच्या पेटीतून घंटा घणघणत होती.

टाळ्या थांबल्या. आण्णा उभे राहिले. आयुष्यभर ते याच फोनची वाट पाहत होते.

“ओ बाई! पाय तिकडं, पँट तिकडं, मग खिसा इकडं कसा वाजतोय?”

दीडशे माणसं अंजनाकडे पाहू लागली. पेटीतल्या धोंडिबाचं हसू गळून पडलं. अंजनाला तो दुहेरी शिलाईचा खिसा डोळ्यांसमोर दिसला. तिने करवत खांद्यावर टाकली आणि नवऱ्याकडे वळली.

“उचला की फोन. किती वेळ वाजवायचा?”

आत खुडबुड झाली. “हॅलो... शंकर? ... नाही, कुरकुरत नाहीत... नंतर बोलू, मी कामात आहे... हां, अर्धाच आहे.”

पहिलं हसू फुटलं. अंजना माइकपाशी आली.

“आण्णा, मी आयुष्यभर खिसेच शिवत आले. नवऱ्याचे दोन तुकडे केले तर खिसा कुठल्या तुकड्याकडे ठेवायचा, हे बायको ठरवते.”

बायकांच्या बाजूने जो कल्ला उठला, त्यात आण्णांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नीचा आवाज सगळ्यात वर होता. आण्णा बसले. अंजनाने पाय परत आणले, भाग जोडले, कडी उघडली. धोंडिबा अख्खा बाहेर आला, पण सरळ व्हायला त्याला दोन मिनिटं लागली.

कमलेश शाल घेऊन सवयीने धोंडिबाकडे गेला. धोंडिबाने मान हलवली.

“तिला द्या. मी फक्त आत होतो.”

अंजनाने शाल घेतली, नारळ मात्र धोंडिबाच्या हातात ठेवला. “चटणी तुम्ही वाटा.”

दुसऱ्याच दिवशी कॅम्प दोनमधून नवा फ्लेक्स छापून आला: ‘जादूगार अंजना आणि सहकारी’. त्या फ्लेक्ससमोर अकरा कार्यक्रम झाले. बाराव्याच्या आधी धोंडिबा पेटीत मावेनासा झाला. पेटी आता पालेगावच्या एका बालवाडीत आहे. खेळणी ठेवतात.