ताकातली सालं

सुमनबाईंना मी फसवलं. एका कंपनीने मला फसवलं, हे मी अर्ध्या नागपूरला सांगून झालं आहे — तेही खरंच आहे. पण पहिली गोष्ट आजवर कोणालाच सांगितली नाही. घरीसुद्धा नाही.

माझा धंदा झिंग्यांच्या कचऱ्याचा. झिंगे सोलून पॅक करणाऱ्या कारखान्यातून डोकी आणि सालं उचलायची, उकळायची, वाळवून दळायची, कोंबड्यांच्या खाद्याला विकायची. शून्यातून उभा केला. भावावरून लोकांच्या अंगावर धावून जाणारा माणूस मी, पण ती सालं हातात घेऊन विचार करत बसायचो. या घाणीत आणखी काय असेल?

सुमनबाई रामटेककडच्या, मासेमारांच्या घरच्या. माझ्या शेडमध्ये भुकटी चाळायच्या. एकदा मी उकळलेलं पाणी नालीत ओतत होतो, तर म्हणाल्या, "काहून फेकून राहिले गा भाऊ? सारा कस तं पान्यात गेला. कोंबड्याले निस्ती हाडं चारता का?"

त्यांच्या घरची रीत वेगळी होती. कच्ची डोकी ड्रममध्ये भरायची, गूळ आणि ताक घालायचं, झाकण घट्ट लावायचं. मी विचारलं, बाई, कढी करता का? त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी घरून ताकाची बरणी घेऊन आल्या.

पाचव्या दिवशी झाकण उघडलं. कुजका वास नाही — आंबट, लोणच्यासारखा. वर केशरी तवंग, मध्ये दाट तपकिरी पाणी, तळाशी मऊ पडलेली फिकट सालं. आंबटपणाने सालातला चुना विरघळतो, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा नुसता बघत राहिलो. ते पाणी खाद्यात मिसळलं, तर अंड्यातला बलक केशरी झाला. सालांची भुकटी काटोलच्या एका बागायतदाराने संत्र्याच्या मुळाशी घातली, आणि पुन्हा मागायला आला.

मग मिहान औद्योगिक वसाहतीतल्या त्या कंपनीची माणसं हे काम बघायला येणार होती. सुमनबाईंशी माझं ठरलं होतं — काम वाढलं तर ड्रम त्यांच्या गावात बसवायचे, तिथल्या बायकांनी चालवायचे, आणि रीत पाहुण्यांना त्यांनीच सांगायची. त्या दिवशी त्या ठेवणीतलं लुगडं नेसून ड्रमशेजारी उभ्या होत्या.

साहेबाने विचारलं, ही युक्ती कोणाची?

किती वेळ लागतो एक नाव घ्यायला? मी म्हणालो, "माझी. दोन वर्षं प्रयोग केले."

काहून म्हणालो? भीती वाटली — नाव घेतलं तर ही माणसं सरळ त्यांच्याकडे जातील. सौदा हातचा जाईल.

पाहुणे गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "ताक कोनाच्या घरचं होतं, एवढं तं सांगा लागत होतं न भाऊ."

मी भडकलो. खोटं पकडलं गेलं की मी असाच भडकतो. म्हटलं, उद्यापासून येऊ नका. त्या गेल्या. त्यांच्या गावात ड्रम बसलेच नाहीत.

काही महिन्यांनी कंपनीने मला वगळून तेच काम स्वतः सुरू केलं. तेव्हापासून मी बोंबलतो आहे. मागच्या महिन्यात व्यापाऱ्यांच्या बैठकीत टेबलावर हात आपटून म्हणालो, दुसऱ्याची अक्कल ज्याने चोरली, त्याने चारचौघांत उभं राहून जबाब द्यावा. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो, आणि माझे कान तापले.

तो जबाब आधी मी द्यायचा आहे. कंपनीने नंतर. रामटेककडच्या त्या गावात, सुमनबाईंसमोर, ज्यांना मिळणारं काम हुकलं त्या सगळ्या बायकांसमोर — मीच द्यायचा आहे.