सुरूच्या बनापर्यंत

माझे यजमान बोटीवर होते. अर्धांगवायूनं डावा पाय लुळा पडला आणि ते कायमचे गुहागरला घरी आले. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा. मी संध्याकाळी त्यांना समुद्रावर नेऊ लागले. पावसाळ्याआधी ते काठी टेकत सुरूच्या बनापर्यंत पोचायचे.

गणपतीला दिरांनी मुंबईहून टीव्ही आणला. पडद्यावर मुंग्याच जास्त दिसायच्या, तरी हे संध्याकाळी खुर्चीतून उठेनात. "उद्या जाऊ," म्हणायचे. मी रागावले, रडलेही. एकदा ते शांतपणे म्हणाले, "काय गो, चालून मी पुन्हा बोटीवर जाणार आहे?"

वर्ष संपता संपता त्यांना पडवीची पायरीही उतरवेना. मग मीही चला म्हणायचं सोडलं.