पदराशिवायचं लुगडं

आई गेल्यावर तिच्या इरकली लुगड्यातून वहिनींनी भाचीला परकर-पोलकं शिवलं. उरलेल्या चिंध्या पुण्याहून अमेरिकेला येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून मला पाठवल्या. निरोप होता, "सासूबाईंची आठवण हवी होती ना तुम्हाला?" लाल पदर मात्र स्वतःकडे ठेवला. मला तोच हवा होता.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सांता क्लारातल्या माझ्या किराणा दुकानात ती पिशवी काउंटरखाली असायची. पायाला लागली की माझं डोकं तापायचं.

शेजारी एका कोरियन बाईंचं कपडे अल्टर करायचं दुकान होतं. त्यांच्या खिडकीत तुकडे जोडून केलेला, बिनअस्तराचा एकेरी पडदा होता. ऊन आलं की त्याच्या शिवणी शिशाच्या रेघांसारख्या उमटत. मी सरळ सौदा केला: मला शिकवा, ब्लाउजची सगळी गिऱ्हाइकं तुमच्याकडे पाठवते.

"पाठव," त्या म्हणाल्या, "पण शिवताना उठायचं नाही."

नेमकं तेच जमेना. दाराची घंटी वाजली की मी उठे, नाही वाजली तरी उठे. चिंध्या चौकोनी कापायला घेतल्या, तर त्यांनी माझ्या हातातली कात्रीच काढून घेतली. तुकडा वाकडा असेल तर शेजारचाही तसाच वाकडा लावायचा. कडा अशा मुडपायच्या, की उलट-सुलट ओळखू येऊ नये. वहिनींना मनातल्या मनात शिव्या देत मी सगळं जोडून काढलं.

पुढच्या उन्हाळ्यात वहिनी आल्या. कापड उलटं-पालटं करून बघितलं.

"वन्सं, अस्तर राहिलं की हो! आणि सुलटी बाजू कुठली?"

"दोन्ही."

त्यांनी ते उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "मला द्या ना हे."

"पदर आणलात?"

"तो ट्रंकेत आहे, घडी न मोडता."

"मग हेही इथेच राहील, घडी न मोडता."

"इश्श! घरच्या माणसांशी धंदा करता?"

"चिंध्या पाठवल्यात तेव्हा घरची माणसं कुठं होती?"

वहिनींचा चेहरा उतरला. विमानतळावर मात्र स्वतःहून म्हणाल्या, "पाठवते हो पदर."

घरी येऊन मी कापडाची एक कड उसवली. पदर आला की तिथं जोडायचा. कोरियन बाईंनी त्या सुटलेल्या धाग्यांकडे पाहून मान हलवली. अजूनही कुणी पुण्याहून आलं, की चहा विचारायच्या आधी मी त्यांच्या बॅगा बघते.