चार कारणांचा अर्ज

वर्ध्यात कचेरीसमोरच्या कडुनिंबाखाली माझं टेबल आहे. माझं शालेय शिक्षण नववीपर्यंतच झालं. तथापि पदवीधर माणसंही माझ्याकडून अर्ज लिहून घेतात, हे येथे नमूद करणं मी आवश्यक समजतो.

त्या मे महिन्यात शाळांना सुट्टी लागली आणि शिक्षकांवर घरोघरी फिरून जनगणनेची मोजणी करण्याचं काम आलं. प्राथमिक शाळेतल्या एक मॅडम माझ्यासमोर बसल्या. त्यांची वृद्ध आई दूर, गडचिरोलीकडच्या खेड्यात राहत होती.

"भाऊ, आठ दिवसांची सूट पायजे. मायचं ध्यान सुटत चाललं. मले अजून ओळखते. दिवाळीपर्यंत ओळखंल का नाई, सांगता येत नाई. एवढंच लिहा."

"मॅडम, एका कारणानं अर्जाले वजन येत नाई."

"खरं तेवढंच हाय, भाऊ."

मी ऐकलं नाही. गुडघेदुखी, रक्तदाब आणि उन्हात फिरण्यास डॉक्टरांची मनाई, अशी तीन कारणं मी स्वतःच्या अनुभवाच्या बळावर वर घातली. आईचं कारण चौथं, शेवटच्या ओळीत गेलं. मॅडमनी न वाचताच सही केली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी त्या अर्ज घेऊन परत आल्या. कचेरीतला बाबू म्हणाला होता, "इतकं सारं एकाच माणसाले झालं, तं मॅडम, तुम्ही जिना चढून आल्या कशा?" साहेबांनी तिन्ही आजारांचे दाखले मागितले होते. दाखले असणार कुठून?

"दुसरा लिहून देतो. फक्त आईचं कारण."

"साहेब म्हणाले, आता तेही खोटंच असंल."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला काही उत्तर देता आलं असतं.

पुढे महिनाभर त्या बोरगाव मेघेत घरं मोजत होत्या. मी तिथेच राहतो. माझ्याही दारी आल्या, माणसं विचारली, खोल्या विचारल्या. आईचं विचारण्याचं धैर्य मला झालं नाही.

शाळा उघडल्यावर त्या कचेरीत कागद जमा करायला आल्या, तेव्हा मी विचारलं. काम संपल्यावर हाती दोन दिवस उरले होते. मोजणीची झोळी खांद्यावर तशीच घेऊन त्या बसमध्ये बसल्या होत्या.

"माय दारातच होती. झोळीकडे पाह्यलं अन् म्हणे, आमचं घर मोजून झालं, बाई. एक मॅडम येऊन गेल्या."

"मग?"

"मग काय, भाऊ. पाणी मागतलं. तिनं आणून देलं. म्हणे, उन्हात फिरता, बसा जरा."

मॅडम दोन्ही दिवस तिथे बसून होत्या.