खंडेनवमीची रॅकेट

जागतिक टेनिसच्या इतिहासाला आमच्या घराण्याचा हात लागलेला आहे. हात आईचा होता आणि त्याला हळद लागलेली होती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दुबईत राहत होतो. वरच्या मजल्यावर मार्को नावाचा निवृत्त इटालियन टेनिसपटू राहायला आला. जगातल्या पहिल्या नंबरच्या खेळाडूकडून तो तीनदा हरला होता! (आमच्या बिल्डिंगमधल्या कुणालाही हा मान मिळालेला नव्हता.) लिफ्टमध्ये तो भेटला की मी पोट आत घेऊन उभा राहायचो.

सांगलीहून आलेल्या आईला दाखवायला मी त्याची लाडकी रॅकेट एका दिवसापुरती मागून आणली, सोफ्यावर ठेवली आणि ऑफिसला गेलो.

संध्याकाळी परततो तर मार्को दारात! त्याला कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात हरवणारा स्पॅनिश खेळाडू खाली बिल्डिंगच्या कोर्टवर उभा होता. दोन तासांनी त्याचं विमान. मार्कोच्या बाकीच्या रॅकेटी क्लबात, कुलुपात.

"हबीबी, रॅकेट! आज हिशेब खलास करतो!"

रॅकेट देवघरासमोर होती. विळी, मिक्सर आणि माझा कॅल्क्युलेटर यांच्या रांगेत. हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल!

"आई, हे काय?"

"खंडेनवमी नाही का आज? हत्यारं पुजली."

"अगं, ती त्याची आहे! त्याला आत्ता खेळायचंय!"

"पुजलेलं हत्यार आज हलवायचं नसतं. उद्या दसऱ्याला ने म्हणावं."

"उद्या तो दुसरा माद्रिदला असेल!"

"मग त्याला ठेवून घे. सणाचं कुणी जातं का?"

"मिक्सर मलासुद्धा मिळालेला नाही," आतून बायको म्हणाली. "सकाळपासून पाट्यावर वाटतेय!"

मी घाम पुसत हे सगळं इंग्रजीत सांगितलं. मार्कोने वाकून रॅकेटवरचं झेंडूचं फूल न्याहाळलं.

"इतकी वर्षं मी हिला आपटली, शिव्या दिल्या," तो हळूच म्हणाला. "फूल कुणी वाहिलं नाही."

त्याने बूट काढले आणि हात जोडले. मला भरून आलं. त्या भरात मी कपाटातली माझी रॅकेट काढून त्याच्या हातात दिली.

पहिल्याच सर्व्हिसला तिच्या दोन तारा तुटल्या. मार्को अर्ध्या तासात हरला आणि नाचत वर आला. "आजवर हरलो तेव्हा कारण नसायचं. आज आहे!"

आईने त्याच्या हातावर प्रसाद ठेवला. त्याने विचारलं, "याची रॅकेट पूजेत का नव्हती?"

मी आईला मराठीत विचारलं.

"अरे, वापरातली हत्यारं पुजतात."

याचं इंग्रजी मी केलं नाही. माझ्या रॅकेटच्या मुठीवर अजून दुकानातलं प्लास्टिक होतं.