कर्नल साहेबांचं ‘अनफिट’

लॅबवाल्यांना किस्से सांगायची पंचाईतच असते. पेशंटचं नाव घ्यायचं नाही, आजार सांगायचा नाही. मग उरतं काय? आमच्याकडे उरले साहेब! त्यांचे किस्से इतके साचलेत की पुसदला आम्ही जुने टेक्निशियन कुणाच्या लग्नात भेटलो की ताटातलं जेवण गार होतं. बाकी नावं बदलून सांगते, तेवढं समजून घ्या.

साहेब म्हणजे कर्नल साहेब. मूळ ढाणकीकडचे, पण उभी हयात फौजेच्या लॅबमध्ये गेली. रिटायर झाल्यावर आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचे डायरेक्टर झाले. बोंडअळीची ती वर्षं. कपाशीवर फवारणी करून करून माणसं चक्कर येऊन भरती व्हायची. विष अंगात मुरलं की रक्तातला एक आकडा घसरतो, ती तपासणी साहेबांनी आमच्याकडे सुरू केली. पण त्यांना एक दुःख होतं. फौजेत त्यांनी ‘अनफिट’ लिहिलं की जवान जागचा हलत नसे. इथे ‘अनफिट’वाला माणूस रिपोर्ट खिशात घालून त्याच दुपारी पाठीवर पंप चढवायचा. साहेबांना ते फार लागायचं.

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी आम्हाला अंगणात रांगेत उभं केलं आणि एकेकाची नखं तपासली. आमचे सीनियर भाऊराव कुणाला जुमानत नसत. त्यांनी विचारलं, “साहेब, गोळी कोणाले घालाची हाय?”

“तुम्हाला. हातमोजे कुठायत?”

भाऊराव त्यानंतर हातमोजे घालूनच चहा प्यायला लागले. साहेबांनी त्याबद्दलही झापलं, ते वेगळं.

*

एका आजीबाईंनी लघवीचा नमुना लख्ख धुतलेल्या बाटलीत आणला. साहेबांनी बाटली ओळखली, फवारणीच्या औषधाची होती. आजीबाई म्हणाल्या, चार पाण्यानं धुतली बापा, आम्ही तं गोडं तेलही याच्यातच आणतो.

साहेब रागावले नाहीत, नुसते खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवसापासून लॅबच्या दारात योजना सुरू: औषधाची रिकामी बाटली द्या, नवी बरणी घ्या. आठवड्याभरात बाटल्यांचा एवढा ढीग झाला की भंगारवाला येऊन भाव विचारून गेला!

*

मशीन बरोबर चालतंय का हे बघायला साहेब रोज सकाळी स्वतःचं रक्त लावायचे. निरोगी माणसाचं रक्त, आकडा ठरलेला. एका सोमवारी आकडा पार खाली आला. मी घाबरून दोनदा तपासणी केली, केमिकल बदललं, कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला. शेवटी साहेबांनी माझ्या हातातून फोन घेऊन ठेवला.

“मशीन चांगलं हाय. मीच खराब हाय.”

रविवारी ते ढाणकीला भावाच्या वावरात गेले होते. माणसं सांगूनही मास्क, हातमोजे काहून घालत नाहीत, हे बघायला त्यांनी भर उन्हात स्वतः फवारणी करून पाहिली. दुसऱ्याच तासात उकाड्यानं मास्क, हातमोजे काढून फेकले! त्या दिवशी साहेबांनी स्वतःच्या रिपोर्टवर ‘अनफिट’ लिहिलं आणि इमानदारीनं घरी जाऊन झोपले. त्यांचं ‘अनफिट’ ऐकणारा इथला पहिला माणूस म्हणजे ते स्वतःच.

*

सुखदेवचा किस्सा मात्र सगळ्यात वरचा.

सुखदेव गजाननराव शेतकऱ्यांकडे सालदार, वर्षाच्या बोलीवरचा गडी. त्याच्या रक्ताचा आकडा इतका घसरला होता की साहेबांनी त्याला समोर बसवून सांगितलं, आता पुन्हा फवारलंस तर मरशील. सुखदेव म्हणाला, “मालकाले कोण सांगन?”

साहेब म्हणाले, माझा कागद सांगेल.

आठ दिवसांनी सुखदेवच्या गावात आमचा कॅम्प होता. मी नवीन, गावात कुणाला ओळखत नव्हते, सुखदेवलाही कधी पाहिलं नव्हतं. एक माणूस आला, सुखदेवचं नाव सांगून रक्त देऊन गेला. रिपोर्ट एकदम झकास! मी आनंदानं साहेबांना दाखवला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. हा आकडा भरून यायला महिने लागतात. त्यांनी रक्तगट बघायला लावला. जुन्या सुखदेवचा बी, या सुखदेवचा ओ!

साहेबांनी मला जीपमध्ये घातलं आणि गाव गाठलं. सुखदेव बाजेवर पडलेला, आणि त्याला फवारणीला उठवायला दारात उभे गजाननराव. मी त्यांना बघितल्याबरोबर ओळखलं. कॅम्पात बाही वर करून बसलेला माणूस हाच. राग आलाच, पण त्यांचा चेहराही बघवत नव्हता. वावरातली बोंडं अळीनं पोखरून काढली होती.

आजूबाजूचे लोक जमले. मला वाटलं, साहेब आता पोलिसांचं नाव काढतील. त्यांनी फक्त रिपोर्ट गजाननरावांच्या हातात ठेवला.

“हे रक्त फवारणीले फिट हाय. ज्याचं असन त्यानं पंप घ्यावा.”

गजाननरावांनी पंप उचलला. साहेबांनी जीपमधून मास्क, हातमोजे काढले, गजाननरावांना स्वतःच्या हातानं चढवले, दोघांना जीपमधून वावरात नेलं आणि सुखदेवला बांधावर सावलीत बसवलं. मग आम्ही परत आलो.

चौथ्या दिवशी लॅब उघडते तर गजाननराव दारात. डोळे लाल, ओठ सुकलेले. आत येऊन माझ्यासमोर बसले, बाही वर केली.

“रक्त घ्या, मॅडम. या खेपेले माह्या नावानं.”